फोनवरची खरखर आणि गृह विभागाचा लिफाफा

तुमच्या पत्रातले प्रश्न तीन आहेत. बोलताना खरखर येते, मध्येच आपलाच आवाज परत ऐकू येतो, म्हणजे फोन टॅप होतोय का? दुसरा, सरकार हे कोणाच्या परवानगीने करतं? आणि तिसरा, जो तुमच्या मेव्हण्यांनी जेवताना विचारला आणि तुम्हाला उत्तर सुचलं नाही: ‘आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मग देशाच्या सुरक्षेसाठी ऐकलं तर बिघडलं कुठे?’

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. खरखरीचा आणि टॅपिंगचा आज काही संबंध नाही. लँडलाइनच्या काळात एक्स्चेंजमध्ये तारांच्या मोठ्या फ्रेमवर तुमच्या जोडीला आणखी एक जोडी लावायचे. त्याला आम्ही ‘पॅरलल देणं’ म्हणायचो. तेव्हा आवाज थोडा पडायचा, कधी टिकटिक यायची, आणि लोकांच्या डोक्यात ती टिकटिक कायमची बसली. आता स्विचमध्येच तुमच्या बोलण्याची दुसरी प्रत तयार होते आणि वेगळ्या वाटेने निघून जाते. तुमच्या बाजूला कसलीही खूण राहत नाही. खरखर असेल तर नेटवर्क बघा, नाहीतर हँडसेटच्या माइकवरची धूळ.

दुसऱ्या प्रश्नासाठी थोडं मागे जावं लागेल. मुंबईत एका मोबाइल कंपनीत मी अकरा वर्षं नोडल अधिकारी होतो. म्हणजे पोलिसांकडून आणि केंद्रीय यंत्रणांकडून ‘हा नंबर लावा’, म्हणजे टॅपिंगवर घ्या, असा हुकूम आला की तो ज्याच्या टेबलावर यायचा, तो माणूस. घरी बायकोलाही नंबर कोणाचा ते सांगायचं नाही, हा नोकरीचा पहिला नियम. ती विचारायचीही नाही. तिला वाटायचं मी बिलिंगमध्ये आहे.

हुकूम यायचा बंद लिफाफ्यात. आणणारा फौजदारापेक्षा खालच्या हुद्द्याचा चालत नाही. आत गृह विभागाच्या सचिवांची सही असलेला आदेश, सोबत पोलिस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याचं पत्र. दोन तासांच्या आत आम्ही पोच द्यायची. आदेशाची मुदत साठ दिवस, वाढवत वाढवत जास्तीत जास्त एकशे ऐंशी. दर पंधरा दिवसांनी आलेल्या सगळ्या आदेशांची यादी आम्ही त्या त्या यंत्रणेला उलट पाठवायची आणि विचारायचं, हे सगळे तुमचेच ना? हे सगळं 2007 मध्ये टेलिग्राफ नियमांत आलेल्या 419-अ या नियमात लिहिलेलं होतं. त्याची जागा डिसेंबर 2024 मध्ये नव्या दूरसंचार कायद्याखालच्या नियमांनी घेतली, पण सांगाडा बराचसा तोच आहे.

ती पंधरा दिवसांची यादी कंटाळवाणी वाटते ना? ती का हवी, हे दिल्लीतल्या एका प्रकरणावरून कळतं. 2005 मध्ये राज्यसभेचे खासदार अमर सिंह यांचा फोन एका खासगी कंपनीने लावला. पत्रं होती दिल्ली पोलिस आणि गृह विभागाच्या नावाची, आणि दोन्ही बनावट निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2011 च्या निकालात न्यायालयाने अमर सिंहांची याचिका त्यांनी माहिती दडवली म्हणून फेटाळलीच, पण कंपनीलाही सुनावलं: पत्रात व्याकरणाच्या आणि स्पेलिंगच्या ढोबळ चुका होत्या, त्या बघूनसुद्धा तुम्हाला खात्री करावीशी वाटली नाही? आमच्या खात्यात नव्या माणसाला मी आधी हा निकाल वाचायला द्यायचो, मग मशीन दाखवायचो.

आमच्या टेबलावर एकदा एक आदेश आला, सगळं चोख. सही बरोबर, शिक्का बरोबर. कनिष्ठ सहकाऱ्याने सवयीने ग्राहकाचा अर्ज काढून बघितला, तर नंबर एका बहात्तर वर्षांच्या आजींच्या नावावर, आठ वर्षं एकच पत्ता, महिन्याला जेमतेम रिचार्ज. आदेशात कारण होतं खंडणी. आता आजींच्या नावावर नातू फोन वापरत असू शकतो, तेवढ्यावरून आम्ही आदेश अडवू शकत नाही. पण फोन करून नंबर पुन्हा वाचून घेतला. मधले दोन आकडे उलटसुलट झाले होते. टायपिंगची चूक, कोणाचाही वाईट हेतू नाही. तपासणारा माणूस नसता तर साठ दिवस त्या आजींचं भिशीचं बोलणं कोणीतरी हेडफोन लावून ऐकत बसलं असतं, आणि खरा खंडणीखोर मोकळा. लक्षात घ्या, इथे खाजगीपण आणि सुरक्षा दोघांचं नुकसान एकाच चुकीने होणार होतं. या दोघांना तराजूच्या दोन पारड्यांत बसवायची जी पद्धत पडली आहे, ती मला म्हणूनच पटत नाही.

आता परवानगी देतं कोण? मूळ कलम 1885 च्या टेलिग्राफ कायद्यातलं, पाचचं उपकलम दोन. त्यात दोन दारं आहेत. आधी ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षा’ यांपैकी एक परिस्थिती खरोखर असली पाहिजे. ते दार उघडलं तरच पुढची कारणं: देशाचं सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी रोखणं. 2023 च्या दूरसंचार कायद्याच्या विसाव्या कलमात हीच मांडणी जवळपास तशीच पुढे आली आहे. गोऱ्या साहेबाच्या तारेसाठी केलेली चौकट एकशे चाळीस वर्षांनी फाइव्ह-जीला लावलेली आहे. चौकट वाईट आहे असं मी म्हणत नाही. पहिलं दार पाहिल्याशिवायच लोक दुसऱ्या दारातून आत शिरतात, हे दुखणं आहे.

1988 मध्ये कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांना फोन टॅपिंगच्या आरोपावरून मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. पुढे राजकारण्यांच्या फोन टॅपिंगबद्दलचा सीबीआयचा अहवाल बाहेर आला आणि पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. डिसेंबर 1996 मध्ये निकाल लागला. न्यायालय म्हणालं, फोनवरचं बोलणं हा खाजगीपणाचा भाग आहे. आदेश गृह सचिवच देतील. दोन महिन्यांची मुदत, सहा महिन्यांची कमाल मर्यादा. आणि वर दिलेले आदेश तपासायला आढावा समिती. संघटनेने मागितलेली एक गोष्ट मात्र न्यायालयाने दिली नाही, आधी न्यायाधीशाची परवानगी. कायद्यात तशी तरतूद नाही आणि नियम करणं केंद्र सरकारचं काम आहे, असं म्हणून सोडून दिलं. 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं, तरी त्या रिकाम्या जागेवर आजही न्यायाधीश आलेला नाही.

समितीत बसतं कोण, बघा. केंद्रात कॅबिनेट सचिव, विधी सचिव, दूरसंचार सचिव. राज्यात मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृह सोडून दुसरा एखादा सचिव. म्हणजे मागणारा सरकारी, देणारा सरकारी, तपासणारा सरकारी. हे तिघे एकमेकांना ओळखतात, एकाच मजल्यावर नसले तरी एकाच लिफ्टने जातात. त्यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. मी पाहिलेले बहुतेक अधिकारी सरळ होते. पण हिशेब करून बघा. डेटा संरक्षणासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने 2018 च्या अहवालात लिहिलं आहे की दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या केंद्रीय आढावा समितीपुढे प्रत्येक बैठकीत 15 ते 18 हजार आदेश असतात. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत, जेवणाची सुट्टी न घेता बसले, तरी एका आदेशाला दोन सेकंदसुद्धा येत नाहीत. दोन सेकंदांत फार तर शिक्का दिसतो. आजींचा नंबर दिसत नाही.

मग हे आदेश तपासणार कोण? कधीमधी न्यायालय, तेही योगायोगाने. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं. सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याला कर्जासाठी दहा लाखांची लाच दिल्याचा आरोप, तपास सीबीआयचा, पुरावा टॅप केलेल्या संभाषणांचा. न्यायालयाने विचारलं, लाच वाईट आहे, पण यात सार्वजनिक आणीबाणी कुठे आहे? सार्वजनिक सुरक्षा कुठे धोक्यात आली? उत्तर नव्हतं. तिन्ही आदेश रद्द झाले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं गेलं. मी तेव्हा नोकरीत होतो. निकालाची प्रत दोनदा वाचली, कारण तोपर्यंत ‘पहिल्या दारा’बद्दल इतकं स्पष्ट कोणी बोललं नव्हतं. अर्थात सगळे न्यायाधीश असं मानत नाहीत. 2025 च्या जून-जुलैत काही दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. दिल्ली उच्च न्यायालय म्हणालं, मोठ्या भ्रष्टाचाराचा परिणाम अर्थव्यवस्थेवर होतो, तेव्हा तो सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न होऊ शकतो. मद्रास उच्च न्यायालयाने लाचेच्याच एका प्रकरणात आदेश रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाला यात कधीतरी पडावं लागेल. मला विचाराल तर ‘सार्वजनिक सुरक्षा’ इतकी ताणली की मग करचुकवेगिरीसुद्धा तीत बसेल, आणि सगळंच बसत असेल तर ते शब्द लिहिण्याचं कारण उरत नाही.

आपल्या राज्याचं एक वेगळं आहे, तेही सांगतो. मोक्का, म्हणजे 1999 चा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, त्यात फोन ऐकण्याची स्वतंत्र कलमं आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये ती पुन्हा उभी केली. नव्वदच्या दशकातली मुंबई ज्यांनी पाहिली आहे, बिल्डरला आणि हॉटेलवाल्याला दुबईहून येणारे फोन ज्यांना माहीत आहेत, ते या कलमांना सहजासहजी नावं ठेवणार नाहीत. मीही ठेवत नाही.

आणि सव्वीस अकरा. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधून दहशतवादी पलीकडच्या सूत्रधारांशी बोलत होते, आणि ते बोलणं आपल्या यंत्रणेने हल्ला चालू असतानाच पकडलं. ते कॉल इंटरनेटवरून, परदेशातल्या कंपनीमार्फत फिरवलेले होते, तरीही. 2012 मध्ये कसाबचं अपील फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने त्या संभाषणांची लांबलचक नोंद घेतली आहे. कट पाकिस्तानातून चालवला जात होता, याचा एवढा बोलका पुरावा दुसरा नव्हता. त्या रात्री कोणी सचिवांच्या सहीची वाट बघत बसलं असतं तर मी स्वतः त्याला शिव्या घातल्या असत्या. कायद्यातही त्याची सोय आहे: तातडीच्या वेळी ठरावीक वरिष्ठ पोलिस अधिकारी आधी फोन लावू शकतो, तीन कामाच्या दिवसांत कळवायचं, सातात मंजुरी नाही आली तर बंद. त्यामुळे ‘परवानगी मागत बसलो तर देश उडेल’ असं टीव्हीवर कोणी म्हणालं तर समजा की त्याने नियम वाचलेला नाही. अपहरणाच्या केसमध्ये रात्री अडीचला आलेल्या फोनवर आम्ही नंबर लावले आहेत आणि सकाळी कागद आलेले आहेत. एका पोराला त्याच्या आईकडे परत नेल्याचं कळलं, तेव्हा खोलीतल्या चौघांनी चहा मागवला होता, एवढंच काय ते सेलिब्रेशन.

म्हणून मी टॅपिंगच्या विरोधात नाही. माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती तंत्रज्ञानाशी संबंधित आहे.

माझ्यासारखा माणूस या साखळीतला एकुलता एक बिनसरकारी दुवा होता. फार शूर दुवा होता असं नाही; लायसन्स जाईल या भीतीने कंपन्या सहसा मान डोलावतात. पण लिफाफा उघडायला, नंबर जुळवायला, पोच टाइप करायला वेळ लागायचा, आणि त्या वेळात चूक दिसायची. पुढे सेंट्रल मॉनिटरिंग सिस्टिम आली, सीएमएस. सरकारचं म्हणणं असं, की जुन्या पद्धतीत ठिकठिकाणी माणसांचा हात लागतो, गुप्तता फुटते, उशीर होतो, म्हणून प्रक्रिया आपोआप व्हावी. मुद्दा खरा आहे. कंपनीतून नंबर बाहेर फुटल्याची उदाहरणं या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की यंत्रणा आपल्या जागेवरून नंबर टाकते आणि कंपनीला तो कळतही नाही. उशीर गेला, त्याच्याबरोबर तपासणाराही गेला. सहीचा नियम कागदावर तोच आहे. मात्र सही नसताना नंबर लागला तर ‘कागद कुठे आहे?’ असं विचारणारं बाहेरचं कोणी उरलं नाही.

इथे तुमच्या मेव्हण्यांचा प्रश्न येतो. त्यांना सांगा, तुमच्याकडे लपवण्यासारखं नसेल, मान्य. पण टॅप होतो तो नंबर, माणूस नव्हे. त्या साठ दिवसांत त्या नंबरवर जो जो बोलतो, तो सगळा टेपवर येतो. पलीकडून डॉक्टर रिपोर्ट सांगतो, बहीण सासरचं रडते, वकील पक्षकाराशी बोलतो, पत्रकाराला कोणी आतली बातमी देतो. या लोकांना तुम्ही विचारलंय का, त्यांच्याकडे लपवण्यासारखं काही आहे की नाही? मी रेकॉर्डिंग ऐकायचो नाही, ते आमचं काम नव्हे. पण एका टार्गेट नंबरच्या कॉल यादीत रोजचे चाळीस-पन्नास वेगळे नंबर असायचे, आणि त्यातले बहुतेक किराणावाला, शाळा, नातेवाईक यांचे.

याहून साधी गोष्ट म्हणजे सीडीआर, कोणी कोणाला कधी किती वेळ फोन केला आणि कुठल्या टॉवरखालून, याची यादी. तिला गृह सचिव लागत नाही, पोलिसांचं पत्र पुरतं. डिसेंबर 2021 पासून कंपन्यांना ही नोंद किमान दोन वर्षं ठेवावी लागते. 2018 च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी अशा याद्या विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांना पकडलं. गिऱ्हाईक बरेचसे घरगुतीच असतात: नवऱ्यावर संशय, भागीदारावर संशय. एकदा साठा केला की तो ज्याच्यासाठी केला त्याच्यापुरता राहत नाही. मेव्हण्यांना दहशतवाद्यांपेक्षा हे उदाहरण जास्त पटेल असा माझा अंदाज आहे.

व्हॉट्सॲपबद्दल तुम्ही कंसात विचारलं आहे. त्यातलं बोलणं मधल्या वाटेवर वाचता येत नाही, हे खरं. म्हणूनच सगळा जोर टोकावर आला, म्हणजे तुमच्या हँडसेटमध्येच घुसण्यावर. पेगासस या फोनमध्ये घुसणाऱ्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये समिती नेमली. तिने 29 फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगाससच होतं असा निष्कर्ष निघाला नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही असंही समितीने नोंदवलं. कायद्याच्या बाजूने बघाल तर टॅपिंगमध्ये निदान नंबर, मुदत आणि सही आहे. फोन हॅक केला तर कॅमेरा, फोटो, दहा वर्षांच्या चॅट, सगळंच हातात येतं. तार अडवण्यासाठी लिहिलेलं कलम त्याला पुरत नाही. 2023 चा डेटा संरक्षण कायदा इथे मदतीला येईल म्हणाल, तर त्याच्या सतराव्या कलमाने केंद्राला आपल्या यंत्रणांना पूर्ण सूट देता येते.

मी काय बदलेन? दोनच गोष्टी. सचिवाच्या सहीनंतर एका न्यायाधीशाची सही, तातडीचा अपवाद आहे तसा ठेवून. ब्रिटनने 2016 च्या कायद्यात मंत्री आणि न्यायिक आयुक्त अशी दुहेरी कडी बसवली, त्यांच्या गुप्तचर संस्था काही बंद पडल्या नाहीत. आणि काम संपल्यावर ज्याचा फोन ऐकला त्याला कळवणं. अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकला तर साधारण नव्वद दिवसांत संबंधिताला नोटीस द्यावी लागते. न्यायाधीश कारण बघून ती लांबवू शकतो. दुसरी गोष्ट मला पहिलीहून महत्त्वाची वाटते. आदेश लिहिणाऱ्याला जर माहीत असेल की हा कागद उद्या त्या माणसाच्या हातात पडणार आहे, तर तो नंबर दोनदा वाचेल. समितीच्या दोन सेकंदांपेक्षा ते बरं.

तुम्ही स्वतः आज काय करू शकता? फोनचं सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा, अनोळखी लिंक उघडू नका, धोका जास्त असेल तर आयफोनमधला लॉकडाउन मोड, म्हणजे हॅकिंगविरुद्धचं जादा संरक्षण, लावा. बेकायदा टॅपिंगला नव्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन कोटींपर्यंत दंड आहे, तक्रार पोलिसांत किंवा थेट उच्च न्यायालयात करता येते. पण ‘माझा फोन टॅप होतोय का’ असं माहितीच्या अधिकारात विचारून उपयोग नाही. डिसेंबर 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशी माहिती त्या कायद्याच्या अपवादात मोडते असंच म्हटलं. मुंबईतल्या ज्या प्रकरणाबद्दल वर लिहिलं, त्यातल्या याचिकाकर्त्यालाही आपला फोन ऐकला गेल्याचं कळलं ते आरोपपत्र दाखल झाल्यामुळे, संभाषणं त्यालाच जोडलेली होती म्हणून. माझ्या टेबलावरून गेलेल्या बहुतेक नंबरांवर कधीच आरोपपत्र झालं नाही.